गडवाटांचे प्रश्न: शिवनेरीपासून नाणेघाटापर्यंत

गेल्या अंकात शिवनेरीवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचा प्रश्न एकच होता: "एका दिवसात काय काय होईल?" माझं उत्तरही एकच आहे. जुन्नरला दोन दिवस द्या. मी याच तालुक्यात वाढले आणि इथल्याच शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर मुलांना आणि पाहुण्यांना घेऊन या डोंगरांत हिंडते. लोक शिवनेरी उरकून दुपारी महामार्गाला लागतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन हे चार सुटे किल्ले नाहीत. कोकणातून नाणेघाट चढून देशावर येणाऱ्या एका फार जुन्या वाटेचे ते पहारेकरी आहेत. ती वाट डोक्यात ठेवून आलात तर इथली लेणी, टाकी आणि गड यांचा एकमेकांशी संबंध लागत जातो. निवडक पत्रांना उत्तरं देते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण येतोय. सासूबाई सत्तरीच्या आहेत, धाकटा मुलगा आठ वर्षांचा. सासूबाईंना शिवनेरी झेपेल का? आणि गडावर नेमकं काय बघायचं?
*एक वाचक भगिनी, बार्शी*

झेपेल, गुडघे धड असतील तर. गाडी पायऱ्यांच्या अगदी जवळ जाते आणि पुढची वाट बांधीव आहे. सावकाश, थांबत थांबत चढलात तर तासाभरात शिवजन्मस्थानापाशी पोचाल. सकाळी साडेसातच्या आत चढायला लागा. दिवाळीत हवा छान असली तरी दहानंतर पायऱ्यांवर ऊन येतं आणि त्या उन्हाचाच सासूबाईंना जास्त त्रास होईल.

वाटेत सात दरवाजे लागतात. धाकट्याला ते मोजायला सांगा. पण नुसते मोजून पुढे जाऊ नका. प्रत्येक दरवाज्यात उभं राहून मागे वळून बघा आणि त्याला विचारा, "तू वर असतास तर खालून येणाऱ्या शत्रूला कुठून अडवलं असतंस?" हा प्रश्न मी वर्षानुवर्षं मुलांना विचारत आले आहे आणि मुलं फार अचूक बोट दाखवतात. वाट कुठे वळते, कुठे अरुंद होते, वरून दगड कुठे टाकता येईल, हे त्यांना आपल्याआधी दिसतं.

पाचवा शिपाई दरवाजा ओलांडला की उजवीकडे शिवाई देवीच्या देवळाकडे वाट फुटते. घाईत असलेले लोक इथे सरळ वर निघून जातात. तुम्ही वळा. देवीच्या नावावरून महाराजांचं नाव ठेवलं अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. देवळामागच्या कड्यात कोरलेल्या गुहा आहेत. गडाच्या कड्यांत अशी बौद्ध लेणी जागोजाग आहेत. या डोंगराला तटबंदी झाली त्याच्या कित्येक शतकं आधी इथे भिक्षू राहत होते, हे तिथे उभं राहिल्यावर मनात नीट ठसतं.

माथ्यावर पोचलात की आधी अंबरखाना लागतो, म्हणजे धान्याचं कोठार. पडझड बरीच झाली आहे, पण त्याचा आकार डोळ्यांत भरतो. १६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इथे येऊन गेला. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतका शिधा आहे असं त्याने लिहून ठेवलं. अंबरखान्याच्या भिंतींकडे बघताना हे आठवा. पुढे गंगा, यमुना नावाची पाण्याची टाकी आहेत, मग शिवकुंजात जिजाऊ आणि बाल शिवबाचा पुतळा, कमानी मशीद, आणि नंतर शिवजन्मस्थानाची दुमजली इमारत. तिच्यापुढे बदामी तलाव आणि अगदी उत्तरेच्या टोकाला कडेलोटाची जागा. तिथे धाकट्याचा हात सोडू नका.

सासूबाई दमल्या तर त्यांना शिवकुंजापाशी सावलीत बसू द्या आणि तुम्ही गडावरच्या टेकाडावर, कोळी चौथऱ्याकडे जाऊन या. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची इथे कत्तल झाली, ही आठवण तालुक्यातल्या घराघरांत आजही आहे. गाइड तिथे सहसा नेत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगते. आकाश निवळलेलं असेल तर त्या उंचीवरून पश्चिमेला चावंड दिसतो आणि त्याच्याही पलीकडे जीवधन आणि नाणेघाटाची बाजू. तुमच्या दुसऱ्या दिवसाचा सगळा नकाशा तिथे समोर पसरलेला असतो.

जेवणाचे डबे वर नेले तर कागद, बाटल्या परत खाली आणा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत शिवनेरी आहे. तेव्हापासून गर्दी वाढली आहे आणि टाक्यांत तरंगणाऱ्या बाटल्याही.

महाराज शिवनेरीवर जन्मले, मग हा किल्ला स्वराज्यात का नव्हता? आमच्या वर्गात यावर वाद झाला.
*इयत्ता नववीतला विद्यार्थी, नागपूर*

बाळा, वाद घातलात हे फार चांगलं केलंत.

जन्म झाला तेव्हा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ला, जुन्नरचा मुलूख निजामशाहीत होता आणि शहाजीराजांचा जम त्या दरबारात बसलेला होता. पण काळ फार वाईट होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १६२९ मध्ये, जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची दौलताबादेत, खुद्द निजामशाही दरबारात हत्या झाली. शहाजीराजे सतत मोहिमांवर. अशा वेळी गरोदर जिजाऊंना ठेवायला भरवशाचा आणि अवघड गड हवा होता. शिवनेरीचे किल्लेदार विश्वासराव हे भोसल्यांचे सोयरे. म्हणून शिवनेरी.

पुढे निजामशाही वाचवायला शहाजीराजांनी एका लहान मुलाला गादीवर बसवून स्वतः कारभार हाती घेतला. तो मुलगा जीवधनावर कैदेत होता आणि त्याला सोडवून पेमगिरीवर नेलं, हे तुझ्या वर्गात सांग. नुसता शिवनेरीच नाही, शेजारचे गडही या गोष्टीत कसे येतात ते त्यांना कळेल. मोगल आणि आदिलशाही एकत्र आल्यावर मात्र टिकाव लागला नाही. १६३६ च्या तहात शहाजीराजांना किल्ले द्यावे लागले. मोगलांकडे गेलेल्या गडांची नावं मोगलांच्याच दरबारी इतिहासकाराने नोंदवली आहेत. जुन्नर (म्हणजे शिवनेरी), जीवधन, चावंड, हडसर, हरिश्चंद्रगड, त्र्यंबक अशी ती यादी आहे. नाणेघाट आणि माळशेजच्या बाजूचे सगळे पहारे एका फटक्यात गेले.

महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नर शहरावर छापा घालून घोडे आणि खजिना नेला. गड घ्यायचा प्रयत्नही पुढे झाला, पण शिवनेरी त्यांच्या हयातीत हाती आला नाही. मराठ्यांकडे तो आला पुढे अठराव्या शतकात. जन्मस्थान परक्याच्या हाती असताना त्या माणसाने राज्य उभं केलं, हे मला नववीच्या वर्गात शिकवताना दर वर्षी नव्याने जाणवायचं. तुझ्या मित्रांचं काय म्हणणं होतं तेही कळव.

पावसाळ्यात नाणेघाटाचा उलटा धबधबा बघायचा आहे. ऑफिसचा पंचवीस जणांचा ग्रुप आहे. जुलैचा शनिवार-रविवार ठरवतोय. काय काळजी घ्यावी?
*एक वाचक, ठाणे*

पहिली काळजी म्हणजे शनिवार-रविवार नको. आठवड्यातला एखादा दिवस रजा टाका. जुलैच्या सुट्टीच्या दिवशी घाटघरच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिच्यात गावातली आजारी माणसं अडकतात. एस.टी. पोचत नाही. पावसाळी पर्यटनस्थळांवर जिल्हा प्रशासन बंदीचे आणि वेळेचे आदेश काढतं, तेही निघण्याआधी बघून घ्या.

दुसरं, धबधबा उलटा का होतो ते समजून घेऊन या, म्हणजे कुठे उभं राहायचं नाही ते आपोआप कळेल. कोकणातून येणारा वारा सरळ उभ्या कड्यावर आदळतो आणि वर चढतो. कड्यावरून पडणारं पाणी तो परत वर फेकतो. जो वारा पाणी फेकतो तो छत्रीला आणि छत्री धरणाऱ्या माणसालाही ओढतो. कड्याचा काठ शेवाळाने निसरडा असतो, धुक्यात काठ संपलेला दिसत नाही. कठड्याच्या आत राहा. कड्यापाशी पाठ करून सेल्फी काढायची नाही, हे सगळ्यांना गाडीतच सांगा. आणि स्पीकर घरी ठेवा. तिथे वाऱ्याचा आवाज ऐकण्यासारखा असतो.

तिसरं, जुलैत भाताची आवणी चालू असते. फोटोसाठी खाचरांच्या बांधावरून जाऊ नका. बांध फुटला तर पाणी जातं आणि रोपं झोपतात. ते पीक त्या घराचं वर्षाचं खाणं आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते, कारण नाणेघाटाचं मोठेपण त्या धबधब्यात नाही. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. तिथे जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. खिंडीतून फरसबंदी वाट कोकणात उतरते आणि खाली वैशाखऱ्याजवळ मुरबाडच्या रस्त्याला लागते. सोपारा, कल्याण या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. खिंडीच्या तोंडाजवळ कातळात एक चौकोनी गुहा आहे. तीन बाजूंना बसायला दगडी कट्टे. थकलेला व्यापारी विसाव्याला तिथे बसत असणार. पंचवीस जणांतले निदान दहा जण तरी तिथे दहा मिनिटं शांत बसा.

त्या गुहेच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, दोन हजार वर्षांहून जुना. नवऱ्याने, सातकर्णीने, केलेले यज्ञ आणि त्यात दिलेली दानं त्यात लिहिली आहेत. अश्वमेध, गाई, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण नावाची नाणी. समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, एक महारठी म्हणजे सरदार. मूर्ती गेल्या. पायांच्या काही खुणा आणि वर कोरलेली नावं उरली. मला त्या नावांपुढे उभं राहिलं की दर वेळी भरून येतं. एका बाईने आपल्या घराची नोंद राजवाड्यात न करता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेवर करून ठेवली, जिथे कोकणातला, देशावरचा, परदेशी, प्रत्येक माणूस ती बघेल.

तुमच्यातले हिशोब करणारे लोक असतील त्यांना लेखातले आकडे शोधायला सांगा. दानांच्या संख्या अक्षरांत नाही, आकड्यांत कोरल्या आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. आपण आज जे अंक लिहितो त्यांचे काही पूर्वज त्या भिंतीवर आहेत. हात लावू नका, खडूने अक्षरं ठळक करून फोटो काढू नका. तसं केलेलं मी पाहिलं आहे.

आम्ही चौघे कॉलेजचे मित्र. हडसर, चावंड, जीवधन दोन दिवसांत करायचे आहेत. क्रम कसा ठेवू? मुक्काम गडावर करता येईल का?
*एक वाचक, सांगली*

क्रम तुम्ही लिहिला तोच ठेवा. पहिल्या दिवशी सकाळी हडसर, दुपारनंतर चावंड, रात्री घाटघर. दुसऱ्या दिवशी पहाटे जीवधन आणि उतरल्यावर नाणेघाट. स्वतःची गाडी असेल तरच हे बसेल. एस.टी.ने येणार असाल तर तिघांपैकी एक गड सोडा. माझं ऐकाल तर हडसर सोडू नका.

हडसरचं प्रवेशद्वार हे या सगळ्या परिसरातलं माझं सर्वांत आवडतं दगडी काम आहे. अखंड कातळ कोरून आत पायऱ्यांची नळी केली आहे. वळण, दरवाजा, पुन्हा वळण, पुन्हा दरवाजा. दगड बाहेरून आणलेला नाही, डोंगरातून नको तेवढा काढून टाकला आहे. शत्रू खालून तोफ लावेल तर कशाला लावेल? दरवाजा त्याला दिसतच नाही. गडाला खुंटीची वाटही आहे, कड्यात ठोकलेल्या खुंट्यांना धरून चढायची. चौघांत अनुभवी कोणी नसेल तर तिकडे फिरकू नका.

चावंडवर दुपारी तीनच्या सुमारास निघा. चढताना कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, बाजूला धरायला रेलिंग आहे आणि एका ठिकाणी आधारासाठी चक्क तोफेची नळी रोवलेली दिसेल. दरवाज्यावर गणपती कोरलेला आहे. वर सात टाक्यांचा समूह आहे. तिथपर्यंत गेल्याशिवाय परतू नका. आणि माथ्यावर चामुंडेचं देऊळ. याच गडावर अहमदनगरचा लहानगा वारस बहादूर निजामशाह कैदेत ठेवला होता. त्याच्या नावाने चांदबिबी नगरचा किल्ला लढवत होती आणि ते पोर इथे कोंडलेलं. उतरल्यावर उजेड उरला तर पूर गावच्या कुकडेश्वराला जा. कुकडी नदीचा उगम तिथला. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम मावळतीच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं.

जीवधनाबद्दल मात्र कळकळीने सांगते. पावसात नको. पाऊस संपल्यावरही दसऱ्यापर्यंत नको. घाटघरच्या बाजूने असो की नाणेघाटाच्या बाजूने, दोन्हीकडे पायऱ्या तुटलेल्या आहेत. इंग्रजांनी १८१८ नंतर सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या, त्यांतलीच ही. मधला कातळटप्पा उंच नाही, पण निसटलात तर खाली थांबायला जागा नाही. तीस मीटर दोर बरोबर ठेवा आणि घाटघरमधून गावातला वाटाड्या घ्या. त्याचे पैसे ठरवताना घासाघीस करू नका. तो तुम्हाला वाट तर दाखवतोच, पण कुठल्या झाडाला आग्या मोहोळ लागलं आहे तेही त्याला ठाऊक असतं. या डोंगरांत सेंट मारून चढणं, खाली धूर करणं, आरडाओरडा करणं यामुळे मधमाश्यांचे हल्ले झाले आहेत. शिवनेरीवरसुद्धा.

वर पाच खोल्यांची धान्यकोठी आहे, एकातून एकात जाणारी, आत मिट्ट काळोख. टॉर्चशिवाय जाऊ नका. १८१८ च्या धामधुमीत तिला आग लागली आणि आतली राख ती त्याच आगीची, असं गावातली म्हातारी माणसं सांगतात. गडाच्या टोकावर गेलात की समोर वानरलिंगीचा सुळका उभा दिसतो. त्याच्या उंचीचा अंदाज यायला तिथे थोडा वेळ बसावं लागतं.

गडावर मुक्काम नको. घाटघरात घरगुती सोय होते, तिथे राहा. तुम्ही दिलेले पैसे त्या घरात जातात आणि गडावर चूल पेटत नाही.

लेण्याद्रीला अष्टविनायक म्हणून अनेकदा गेलो. आता कोणी म्हणतं ती बौद्ध लेणी आहेत. खरं काय?
*एक वाचक, इंदूर*

दोन्ही खरं आहे आणि दोन्हींचा मान राखता येतो.

लेण्याद्रीच्या डोंगरात सुमारे तीस लेणी एका ओळीत आहेत. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. सातव्या क्रमांकाचं लेणं हा मोठा विहार आहे. मध्ये एकही खांब नसलेला प्रशस्त मंडप आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या. याच विहारात नंतर गिरिजात्मज गणपतीची स्थापना झाली. पार्वतीने पुत्रासाठी इथे तप केलं, अशी आपली कथा आहे. तुम्ही दर्शन घ्यालच. पण यापुढे दर्शन झाल्यावर लगेच खाली उतरू नका. शेजारचं सहावं लेणं बघा. तो चैत्य आहे, आत स्तूप आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, खांबांवर हत्ती, वाघ. त्याच्या दारावरचा लेख सांगतो की हा चैत्य कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त याने दिला. कल्याणचा माणूस! तो इथवर कसा आला असेल? नाणेघाट चढून.

जुन्नरच्या लेण्यांत अशी नावं पुष्कळ आहेत. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षूंना जेवायला मंडप दिला. मानमोडीच्या डोंगरात शक राजा क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने टाकं आणि मंडप दिल्याची नोंद आहे. परदेशातून आलेला माणूस या कोरड्या डोंगरात पैसे खर्चून काय देतो, तर पाणी. जुन्नरची दोनशेच्या घरातली लेणी फिरताना मी पाहुण्यांना आधी टाकी दाखवते, ती यासाठी.

एवढं केल्यावर वेळ उरला तर तुळजा लेणी चुकवू नका. शहराच्या पश्चिमेला आहेत आणि तिथे क्वचितच कोणी भेटतं. तिथला चैत्य गोल आहे. मधोमध स्तूप, भोवती बारा खांबांचं कडं, वर घुमट. असा चैत्य तुम्हाला सहजी दुसरीकडे दिसणार नाही.

लेण्याद्रीला पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं आणि वयस्कर माणसांसाठी डोली मिळते. माकडं पिशव्या ओढतात, प्रसाद हातात धरून चढू नका.

जुन्नरला बिबट्यांची भीती आहे असं रोज वाचते. लहान मुली घेऊन यावं का?
*एक आई, पुणे*

या. पण भीती खोटी नाही, म्हणून नीट सांगते. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला. बिबट्याला उसात आडोसा, पाणी आणि गावाच्या कडेने कुत्री, शेळ्या असं सगळं मिळालं. आता उसातच जन्मलेले बिबटे आहेत, त्यांना डोंगर माहीत नाही. माणसं गेली आहेत, मुलंही गेली आहेत. इथल्या बायका संध्याकाळी गवताला जाताना काय मनाने जातात ते मला ठाऊक आहे.

तुमच्यासाठी नियम सोपे आहेत. अंधार पडायच्या आत मुक्कामाच्या ठिकाणी पोचा. शेतातल्या घरात उतरणार असाल तर रात्री मुलींना अंगणात एकट्या सोडू नका. उसाच्या कडेला गाडी थांबवून उघड्यावर बसायचं नाही, वाकायचं नाही. दिवसा गडाच्या वर्दळीच्या वाटेवर काळजी करायचं कारण नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, जखमी आणि पकडलेले बिबटे तिथे ठेवतात. ते प्राणिसंग्रहालय नव्हे, मुलींना "वाघ दाखवायला" तिकडे नेऊ नका.

फेब्रुवारीच्या शेवटी येणार आहे. गड सोडून मुलांना दाखवण्यासारखं काही? आणि जेवायला काय?
*एक वाचक, संभाजीनगर*

तारीख २८ फेब्रुवारी गाठा. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली. राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, शाळांच्या मुलांनी केलेले प्रयोग मांडलेले असतात आणि शास्त्रज्ञ स्वतः समजावून सांगतात. आमच्या तालुक्यातली कितीतरी मुलं तिथे पहिला प्रश्न विचारायला धजावली आहेत. मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण फोनच्या लहरी आकाशातल्या अतिक्षीण लहरींत मिसळतात. मुलांकडून प्रश्न लिहून घेऊन या.

जेवायला मासवडी. नावात मास असलं तरी ती पूर्ण शाकाहारी आहे. बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं सारण भरून गुंडाळी करतात, वड्या कापतात आणि काळ्या मसाल्याच्या रश्शाबरोबर बाजरीच्या भाकरीशी खातात. ओतूर, नारायणगाव, जुन्नर, कुठेही चांगली मिळते, पण घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवावी लागते, कारण सारण भाजण्यात वेळ जातो. रस्सा तिखट असतो, मुलांसाठी सोबत दही मागून घ्या.